कळ एका मिनिटाची, विसावा तीन मिनिटांचा

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी कळा नीट मोजल्या, पण दोन कळांच्या मधली वेळ वाया घालवली. कळ आली की ओठ दाबून, मुठी आवळून सोसायची आणि ओसरली की पुढची कधी येते याची वाट बघत तशीच ताठ पडून राहायची. दहा तासांनी अंगात त्राण उरलं नव्हतं आणि गर्भपिशवीचं तोंड जेमतेम ४ सेंटिमीटर उघडलं होतं (बाळ बाहेर यायला ते १० सेंटिमीटर उघडावं लागतं). मग सलाईनमधून कळा वाढवायचं औषध आलं, पाठोपाठ एपिड्युरल, म्हणजे कंबरेत पाठीच्या कण्यापाशी देतात ते दुखणं बधिर करायचं औषध, आणि एकविसाव्या तासाला मुलगी झाली. ती ठणठणीत होती, मीही. एपिड्युरल घेतल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही, त्यामुळेच मला मधे तीन-चार तास झोप मिळाली. पण त्या पहिल्या दहा तासांत मी इतकी का थकले, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

दुसऱ्या खेपेला मी तयारी केली ती मुख्यतः या एका गोष्टीची: कळ ओसरल्यावर खरोखर विश्रांती कशी घ्यायची. तो मुलगा वेदनाशामकाशिवाय झाला. ज्यांना असं बाळंतपण हवं आहे, त्यांच्यासाठी मी काय केलं आणि काय शिकले ते इथे लिहिते आहे.

'नैसर्गिक बाळंतपण' हा शब्द मी शक्यतो टाळते. सिझेरियन झालेली किंवा एपिड्युरल घेतलेली बाईसुद्धा तितकीच बाळंत झालेली असते. मी 'औषधाविना' म्हणते आणि त्याचा अर्थ एवढाच, की कळा येत असताना दुखणं कमी करायचं औषध घेतलं नाही.

आधी हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कळा जोरात सुरू झाल्यावर साधारण दर ४ मिनिटांनी एक येते आणि सुमारे एक मिनिट टिकते. म्हणजे तासात १५ मिनिटं कळ आणि ४५ मिनिटं मोकळी. शेवटी शेवटी हे अंतर कमी होतं, कळ दीड मिनिटापर्यंत लांबते, तरी मधे विसावा असतोच. कळेतही पूर्ण मिनिट सारखं दुखत नाही. ती चढते, माथ्यावर वीस-तीस सेकंद राहते आणि उतरते. पहिल्या वेळी मला हे कुणी सांगितलं असतं, तर त्या ४५ मिनिटांत मी इतकी ताठरले नसते.

डॉक्टरांशी आधी बोला

हे सगळं जोखीम कमी असलेल्या बाळंतपणाला लागू पडतं. बाळ एकच, डोकं खाली, दिवस पुरे भरलेले म्हणजे ३७ आठवड्यांच्या पुढे, वार (बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) पिशवीच्या तोंडावर नाही, बीपी ताब्यात. यातलं काही वेगळं असेल तर तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते आधी ऐका.

मी पाच गोष्टी विचारल्या होत्या. कळा येत असताना चालू-फिरू देता का? माझा नवरा शेवटपर्यंत सोबत थांबू शकतो का? बाळाचे ठोके सतत पट्टा लावून बघता की अधूनमधून ऐकता? जोर लावताना पाठीवरच झोपावं लागतं का? आणि बाळाची वाट मोठी करायला खाली छेद सगळ्यांना घेता की गरज पडली तरच? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यांत सोबतीला आपलं माणूस असावं, जोखीम कमी असेल तर हालचाल आणि खाणंपिणं करू द्यावं आणि छेद सरसकट घेऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा हे प्रश्न विचारताना संकोचू नका. मला एका ठिकाणी 'भरती झाल्यावर खाटेवरून उतरायचं नाही' असं उत्तर मिळालं. कारण विचारलं तर 'इथे असंच असतं' एवढंच म्हणाले. तिसाव्या आठवड्यात मी जागा बदलली, आणि आज मागे बघताना वाटतं, माझ्या तयारीतला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच होता.

आपल्याला काय हवं ते अर्ध्या पानात लिहून द्या. चार पानं लिहिलीत तर ड्युटीवरच्या सिस्टरना ती वाचायला वेळ मिळत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांतला सराव

माझा मुख्य सराव बर्फाचा होता. बर्फाचा खडा तळहातावर घ्यायचा, मूठ मिटायची, घड्याळ लावायचं आणि एक मिनिट धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी विसाव्या सेकंदालाच माझे खांदे कानांपर्यंत चढले होते, दात आवळलेले होते आणि श्वास रोखलेला होता. बर्फ हातात, आणि आवळलेलं सगळं अंग. कळेचं दुखणं बर्फासारखं नसतं हे खरं, पण दुखलं की आपण कुठे कुठे घट्ट होतो ते हा खडा दाखवून देतो. नवरा समोर बसून फक्त एक शब्द म्हणायचा, "खांदे." मी ते सोडायचे. मग "जबडा." तो सोडायचा.

मिनिट संपलं की खडा वाटीत टाकायचा आणि तीन मिनिटं काहीच करायचं नाही. सरावाचा अवघड भाग हाच होता. पहिले पंधरा दिवस मी ती तीन मिनिटं पुढच्या मिनिटाचा विचार करण्यात घालवली. हळूहळू जमलं. हात मांडीवर उपडा टाकायचा, मान मागे टेकवायची, डोळे मिटायचे. नवरा हात उचलून बघायचा. हात जड लागला, सोडल्यावर धपकन पडला, तर मी खरंच सैल आहे. रोज रात्री असे पाच फेरे आम्ही केले.

श्वासाचं तंत्र फार अवघड करू नका. नाकाने चार आकडे मोजत आत, तोंडाने सात-आठ आकड्यांपर्यंत बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला की झालं. जमल्यास बाहेर सोडताना जाड आवाजात 'आऽऽ' म्हणा. आवाज चिरका झाला की गळा, जबडा आणि त्यासोबत खालचे स्नायूही आवळले जातात, हे मला स्वतःच्या अंगावर स्पष्ट जाणवलं.

भीती आणि दुखणं यांचं नातं इंग्लंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३०च्या दशकात मांडलं: भीतीने ताण येतो, ताणाने दुखणं वाढतं, दुखण्याने पुन्हा भीती. त्यांच्या काही म्हणण्याशी मी सहमत नाही. भीती गेली की दुखतच नाही, असं मला कोणी सांगितलं तर मी त्या माणसाचं पुढचं ऐकणार नाही. पण चक्र खरं आहे आणि ते कुठून तोडायचं तर ताणापासून, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

३४-३५ आठवड्यांपासून खालच्या भागाचं मालिश सुरू करता येतं. पहिलटकरणींना याचा उपयोग जास्त होतो, टाके पडण्याचं प्रमाण कमी होतं. नखं कापलेली, हात स्वच्छ धुतलेले, साधं बिनवासाचं तेल. अंगठा योनीमार्गात ३-४ सेंटिमीटर आत घालून खाली आणि दोन्ही बाजूंना हळूहळू ताणायचं, चुरचुरेल इतकं, आणि मिनिटभर तसंच धरून श्वास सोडत राहायचं. आठवड्यातून तीन-चारदा, पाच-दहा मिनिटं पुरे. रक्त जात असेल, संसर्ग असेल, वार खाली असेल किंवा पाणी गेलं असेल तर हे करायचं नाही. ती चुरचुर ओळखीची झाली की बाळाचं डोकं बाहेर येताना तीच जाणवते आणि आपण घाबरत नाही. माझ्या दृष्टीने मालिशचा अर्धा फायदा हाच.

चालणं, पाय फाकवून उकिडवं बसायची सवय, हे सगळं करा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम बहुतेक जणींना शिकवतात. बाळंतपणात मात्र ते सोडता येणं महत्त्वाचं असतं, म्हणून प्रत्येक वेळी आवळल्यावर सोडण्याकडे दुप्पट लक्ष द्या.

सोबतच्या माणसाची तयारी तुमच्याइतकीच महत्त्वाची. त्याला तीन गोष्टी शिकवा. कंबरेत कळ आली तर माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर मुठीने घट्ट दाब द्यायचा. किंवा मागे उभं राहून दोन्ही तळहातांनी कुल्ले दोन्ही बाजूंनी आत आणि वर दाबायचे. दाबाने दुखणं का कमी वाटतं, याचं एक उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तात आहे: स्पर्शाचा, दाबाचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो. लागल्यावर आपण तिथे चोळतो ते याच कारणाने. तिसरी गोष्ट, कळ चालू असताना काही विचारायचं नाही. 'पाणी पिणार का?' हासुद्धा प्रश्न नको. कळ ओसरली की स्ट्रॉ ओठांपाशी धरायची, हवं असेल तर बाई ओढेल.

आम्ही एक शब्दही ठरवला होता, 'छत्री'. मला खरोखर वेदनाशामक हवं असेल तर मी 'छत्री' म्हणणार आणि नवरा एकही प्रश्न न विचारता सिस्टरना बोलावणार. बाकी मी काहीही ओरडले तरी ते सोसण्याचाच भाग आहे असं समजायचं. असा शब्द जरूर ठरवा. त्याने माझ्या हातात सुटकेची चावी राहिली आणि सोबतच्या माणसाचाही गोंधळ झाला नाही.

कळा सुरू झाल्यावर

रात्री अकराला माझ्या कळा सुरू झाल्या. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कुशीवर झोपले. झोप लागली नाही, पण दोन तास अंधारात पडून होते. सुरुवातीचा हा टप्पा तासांचा असू शकतो, पहिल्या वेळी दिवसभराचाही, आणि त्याला ठरावीक मर्यादा नाही. या वेळात घरात फेऱ्या मारून कळा वाढवायच्या मागे लागू नका. रात्र असेल तर पडा, दिवस असेल तर रोजचं हलकं काम करा. थोडं खा, पाणी प्या, कोमट पाण्याने अंघोळ करा. दर तास-दोन तासांनी लघवीला जा, लागली नसली तरी. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याला खाली सरकू देत नाही.

जायचं कधी? पहिल्या वेळी दर ५ मिनिटांनी, एक एक मिनिटाची, अशा कळा तासभर नियमित आल्या आणि कळेत बोलणं थांबलं, की निघा. दुसऱ्या वेळी, किंवा रस्ता लांबचा असेल तर, त्याआधीच. मी अडीचला निघाले.

काही गोष्टींत मात्र घड्याळ बघायचं नाही. पाणी हिरवं किंवा तपकिरी गेलं, पाळीसारखं लाल रक्त आलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, ताप आला किंवा ३७ आठवड्यांआधीच कळा आल्या, तर ताबडतोब निघा. नुसतं पाणी गेलं आणि कळा नसल्या तरी लगेच फोन करून कळवा. पाण्यासोबत नाळ बाहेर आली तर गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून थांबा आणि अँब्युलन्स बोलवा. असं क्वचितच होतं, पण झालं तर एकेक मिनिट मोलाचं असतं.

साडेतीनला तपासलं तेव्हा ५ सेंटिमीटर. सध्याच्या शिफारशींप्रमाणे खरा जोराचा टप्पा इथून धरतात. 'तासाला १ सेंटिमीटर' हा जुना ठोकताळा काही जणींना लागूच पडत नाही, आणि बाळ-बाळंतीण ठीक असतील तर केवळ तेवढ्यावरून औषध सुरू करायचं कारण नाही.

मी नवऱ्याला सांगून भिंतीवरच्या घड्याळावर टॉवेल टाकायला लावला. खाटेची डोक्याकडची बाजू वर करून घेतली, त्यावर कोपरं टेकून उभी राहिले. कळ चढायला लागली की कंबर डावी-उजवीकडे हलवायची, 'आऽऽ' सोडायचा. त्याची मूठ माझ्या कंबरेवर. मी फक्त "खाली" किंवा "जोरात" म्हणत होते. सकाळी त्याच्या मुठीची हाडं लाल झालेली दिसली. कळ ओसरली की मी कपाळ उशीवर टेकवायचे आणि खरंच काही क्षण डोळा लागायचा. एकदा तर स्वप्नाचा तुकडाही पडला. तेव्हा कळलं, बर्फाच्या वाटीने काय शिकवलं होतं ते.

अर्ध्या तासाने स्थिती बदला. उभ्याने, हात-गुडघ्यांवर, कुशीवर, मोठ्या चेंडूवर बसून. कंबरेतच सगळं दुखत असेल तर बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असू शकते. मग हात-गुडघ्यांवरची स्थिती पाठीला बराच आराम देते. उताणं झोपून राहणं मला सगळ्यात जड गेलं.

शेवटचे दोन सेंटिमीटर

८ ते १० सेंटिमीटरच्या मधे बहुतेक जणींचा धीर सुटतो. अंगाला कापरं भरतं, मळमळतं, उलटी होते, कधी गरम कधी गार वाटतं. मी नवऱ्याचा शर्ट धरून म्हणाले, "मला नाही जमणार. घरी चल." सहा-सात वेळा म्हणाले असेन. 'छत्री' म्हणाले नाही. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, असं वाटायला लागलं ना, म्हणजे आलं बाळ जवळ." हे वाक्य मी कितीतरी जणींना सांगितलं आहे. हा टप्पा सहसा सगळ्यात छोटा असतो. इथे पुढचा तास बघायचा नाही. ही एक कळ, एवढंच.

आणि इथे कुणी 'छत्री' म्हणालीच तर? तर घ्यावं औषध. बाळाचे ठोके ११० ते १६०च्या बाहेर जात राहिले, तासन्‌तास काही पुढे सरकलं नाही, बाई अगदी गळून गेली, तर ठरवलेलं बाजूला ठेवावं. केलेली तयारी त्यातही कामी येते. सिझेरियनच्या टेबलावरही लांब श्वास सोडता येतो.

जोर लावणं

पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर मला दहा-पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. कळा विरळ झाल्या. हे होतं, घाबरू नका, पडून घ्या. मग शी लागल्यासारखा जबरदस्त दाब येतो आणि अंग आपोआप ढकलायला लागतं. ती भावना येईल तेव्हाच, येईल तेवढाच जोर लावा. एका कळेत तीन-चार छोटे जोर. श्वास कोंडून दहा आकडे मोजायची गरज नसते. पहिलटकरणीला या टप्प्याला तीन तासांपर्यंत लागू शकतात, पुढच्या वेळी सहसा दोनच्या आत. मी डाव्या कुशीवर होते, वरचा पाय नवऱ्याने धरलेला.

बाळाचं डोकं बाहेर यायला टेकलं की चारी बाजूंनी आग होते. मालिशची ती ओळखीची चुरचुर, पण कितीतरी पट. इथे जोर थांबवायचा, तोंड उघडं ठेवून 'हा, हा' असे तोकडे श्वास घ्यायचे आणि कातडीला ताणायला वेळ द्यायचा. सिस्टरनी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं खाली धरलं होतं. त्याने आग निवते आणि मोठी चीर टळायला मदत होते. त्यांनी माझा हात धरून खाली नेला. मला वाटलं होतं डोकं टणक लागेल. हाताला लागली ती ओली, सुरकुतलेली, मऊ कातडी आणि तिच्यावर चिकटलेले केस. पुढच्या दोन कळांत, सात चाळीसला, तो आला.

लहानशी चीर पडली होती. टाके घालताना बधिर करायचं इंजेक्शन मी घेतलं. तेही नाकारायचं काही कारण मला दिसत नाही.

मांडीत मात्र एक इंजेक्शन लगेच घ्या: ऑक्सिटोसिन, १० युनिट. कळा औषधाविना सोसल्या म्हणून हे टाळणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत आणि मला त्यांची फार काळजी वाटते. हे दुखणं कमी करायचं औषध नव्हे. गर्भपिशवी आकसून रक्तस्राव थांबावा म्हणून ते देतात. ५०० मिलिलिटरच्या पुढे रक्त गेलं तर तो धोका मानतात, आणि आधीचं सगळं सुरळीत झालेल्या बाईलाही तो होऊ शकतो. नाळ मात्र घाईने कापू नका असं आधीच सांगून ठेवा. बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं.

बाळाला पुसून उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर. वजन, कपडे सगळं तासाभराने. वार पंधरा मिनिटांत आली. मग त्याने तोंड फिरवलं, शोधलं आणि पहिल्यांदा ओढायला लागला, तशी ओटीपोटात पुन्हा कळ आली, चांगली सणसणीत. दुसऱ्या खेपेला या नंतरच्या कळा जास्त जाणवतात, ते मला माहीत होतं. नवरा खाटेच्या कडेला बसला होता, लाल झालेली मूठ दुसऱ्या हातात धरून. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "खांदे." मी सोडले.